कवटीतली जागा संपते तेव्हा

सकाळी उठल्या उठल्या डोकं जड. बेसिनवर वाकून तोंड धुताना ते आणखी ठणकतं. मळमळ फारशी नसतानाही एकदम उलटी होते आणि उलटी झाली की डोकं जरा उतरतं. दहा-साडेदहापर्यंत माणूस कामाला लागलेला असतो, सकाळचं विसरलेलाही असतो. घरातले म्हणतात, पित्त झालंय, जागरणं कमी कर.

बहुतेक वेळा घरातल्यांचं बरोबरच असतं. पित्त म्हणा, अर्धशिशी म्हणा, असंच काहीतरी निघतं आणि चार दिवसांत विषय संपतो. पण हाच प्रकार दोन-तीन आठवडे चालू राहिला आणि दर आठवड्याला थोडा वाढत गेला, तर कवटीच्या आतला दाब वाढला असण्याची शक्यता मनात आणायला हवी. मेंदूतली गाठ हे तसा दाब वाढण्याचं एक कारण. या दाबाची लक्षणं पाठ करून फारसा उपयोग होत नाही, परीक्षेतल्या उत्तरासारखी ती ऐनवेळी विसरतात. दाब वाढतो कसा हे एकदा समजलं, की दुखणं सकाळीच का आणि वाकल्यावरच का, हे आपलं आपल्याला लावता येतं. तेव्हा आधी कवटीत शिरू.

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे हाडाचा बंद डबा. आत साधारण दीड लिटर जागा, आणि तिच्यात तीन बिऱ्हाडं राहतात. सुमारे ऐंशी टक्के जागा मेंदूची. उरलेल्या जागेत रक्त आणि पाणी, साधारण सारख्या वाट्याने. हे पाणी म्हणजे सेरेब्रोस्पायनल फ्लुइड. रुग्णालयात सगळे त्याला ‘मेंदूतलं पाणी’च म्हणतात, आपणही तेच म्हणू. डोक्यातलं आणि मणक्याच्या आतलं मिळून ते एका वेळी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसभरात सुमारे पाचशे मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे जुनं सारखं वाहून जात असतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत ते पाझरतं, अरुंद वाटांमधून बाहेर येतं, मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतं आणि शेवटी शिरांमधून रक्तात मिसळतं. यातल्या काही वाटा फारच चिंचोळ्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डबा ताणला जात नाही, त्यामुळे एकाने जास्त जागा घेतली की दुसऱ्याला सरकावं लागतं. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली हा विचार मांडला. आज मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेणारा प्रत्येक जण पहिल्या काही दिवसांतच त्यांची नावं ऐकतो. गाठ हे चौथं बिऱ्हाड. ते आलं की आधी पाणी वाट करून देतं, कवटीतून खाली मणक्याच्या बाजूला सरकतं. मग शिरांमधलं रक्त थोडं पिळून बाहेर जातं. एवढ्यावर बराच काळ भागतं. मोठ्या माणसात आडवं असताना आतला दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो, आणि गाठ हळूहळू वाढत असली तरी तो पुष्कळ दिवस तिथेच राहू शकतो.

मग सरकायला जागा उरत नाही. प्रवासाची बॅग भरताना पहिले पाच-सहा कपडे कुठे गेले ते कळतही नाही आणि शेवटच्या टॉवेलला चेन फाटायला येते, तसं. या टप्प्यावर गाठीभोवतीची सूज चार-दोन चमचे वाढली तरी दाब झपकन वर जातो. ‘काल तर चांगले बोलत होते, आज सकाळपासून गुंगीतच आहेत’ असं नातेवाईक सांगतात तेव्हा गाठ एका रात्रीत मोठी झालेली असते असं नाही. बहुतेकदा तिला सामावून घेणारी शेवटची मोकळी जागा त्या रात्री संपलेली असते.

म्हणूनच ‘गाठ केवढी आहे?’ या प्रश्नाला, जो सगळ्यात आधी विचारला जातो, माझ्या मते जरा जास्तच मान मिळतो. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा नावाची गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. कपाळामागच्या भागात ती लिंबाएवढी होईपर्यंतही माणूस नोकरी करत असतो. उलट, पाण्याच्या त्या चिंचोळ्या वाटेवर हरभऱ्याएवढी गाठ बसली तरी मागे पाणी तुंबतं, पोकळ्या फुगतात आणि काही दिवसांत, कधी काही तासांतही, माणूस बेशुद्धीकडे जाऊ शकतो. यालाच लोक ‘मेंदूत पाणी झालं’ म्हणतात. तेव्हा ‘पाण्याची वाट अडली आहे का, आणि गाठीभोवती सूज किती आहे?’ हे विचारलं तर डॉक्टरांकडून जास्त उपयोगाचं उत्तर मिळेल. गाठ कर्करोगाची नाही म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. दाबाला त्याने फरक पडत नाही.

आता सकाळ. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यात वेदना जाणवणारे तंतूच नसतात. दुखतात ती त्याची आवरणं आणि मोठ्या रक्तवाहिन्या, ताण पडला की. रात्रभर आपण आडवे असतो, त्यामुळे डोक्यातलं रक्त शिरांमधून खाली उतरायला गुरुत्वाकर्षणाची मदत होत नाही. शिवाय झोपेत श्वास थोडा उथळ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो आणि त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रुंदावल्या म्हणजे रक्ताचं बिऱ्हाड फुगलं. धडधाकट माणसाला हे कळतही नाही, कारण त्याच्या डब्यात मोकळी जागा शिल्लक असते. ज्याची संपली आहे त्याला पहाटे दुखण्यानेच जाग येते. उठून तासभर वावरला की रक्त उतरतं आणि डोकंही. खोकणं, शिंकणं, शौचाला जोर लावणं, खाली वाकणं, जड काही उचलणं यांतही तेच होतं, छातीत-पोटात दाब वाढला की शिरांतलं रक्त डोक्यातच अडतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘सकाळची डोकेदुखी म्हणजे ट्यूमर’ हे समीकरण जेवढं पसरलं आहे तेवढं खरं नाही. १९९३ साली मेंदूत गाठ असलेल्या १११ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या जेमतेम निम्म्यांना डोकेदुखी होती. त्या निम्म्यांपैकीही सकाळी वाढणारी ती ठरावीक डोकेदुखी फक्त सतरा टक्क्यांची. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचं दुखणं ताणामुळे होणाऱ्या साध्या डोकेदुखीसारखंच होतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ज्यांना नुसती डोकेदुखी आहे आणि बाकी काहीच नाही, त्यांच्यात गाठ क्वचितच सापडते. मग ओळखायचं कशावरून? बदलावरून. आयुष्यात कधी डोकं न दुखलेल्या माणसाचं पन्नाशीत दुखू लागणं, किंवा वीस वर्षांची ओळखीची अर्धशिशी एकाएकी अनोळखी वाटू लागणं. दुखण्याची चढती कमान. आणि सोबतीला दुसरं काहीतरी असणं.

उलटी हे सोबतीचं पहिलं लक्षण. उलटीचं नियंत्रण मेंदूच्या देठात, पाण्याच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी होतं. तिथे दाब पोचला की पोटाचा काही संबंध नसताना उलटी होते. म्हणून तिच्या आधी पोट ढवळतंच असं नाही, आणि जेवणाशी तिचा मेळ बसत नाही. अर्धशिशीतही उलटीनंतर बरं वाटतं, तेव्हा एवढ्यावरून निवाडा करता येत नाही. पण पोटाच्या गोळ्या महिनाभर घेऊनही सकाळची उलटी थांबत नसेल, तर पोटाला दोष देणं थांबवून डोक्याकडे पाहायला हवं. लहान मुलांच्या बाबतीत हा घोळ सर्रास होतो. त्याबद्दल पुढे.

डोळ्यांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण कवटी न उघडता आतला दाब जिथून दिसू शकतो अशी ती खिडकी आहे. डोळ्याच्या मागून निघणारी नस मेंदूकडे जाते आणि मेंदूची आवरणं तिच्याभोवती बाहीसारखी थेट डोळ्यापर्यंत आलेली असतात. त्या बाहीतही मेंदूतलं पाणीच असतं. आतला दाब वाढला की तो बाहीतून पुढे येतो आणि नसेचं डोळ्यातलं टोक सुजतं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्याचा पडदा पाहण्याचं उपकरण जगापुढे आणलं आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत ही सूज मेंदूतल्या दाबाशी जोडली गेली. तिला पॅपिलिडेमा म्हणतात. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासला की ती दिसते. काही मिनिटांचं काम, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. एकच अडचण, ही सूज यायला काही दिवस लागतात. दाब आज सकाळीच वाढला असेल तर पडदा स्वच्छ दिसेल, आणि तो स्वच्छ दिसला म्हणून दाब नाही असं म्हणता येणार नाही.

रुग्णाला स्वतःला काय जाणवतं? बुटाची नाडी बांधायला वाकला, सरळ उभा राहिला, आणि डोळ्यांसमोर करडा पडदा आला. कधी एका डोळ्यापुढे, कधी दोन्ही. चार-पाच सेकंद, मग सगळं पूर्ववत. चक्कर नाही, घाम नाही. ‘अंधारी आली’ असं म्हणून माणूस पुढे जातो, कारण तोवर सगळं स्पष्ट दिसत असतं. दिवसातून असं अनेकदा होऊ शकतं. अशक्तपणाने किंवा रक्तदाब उतरल्यानेही उठताना अंधारी येते, पण तेव्हा सगळं अंगच हलकं होतं, बसावंसं वाटतं. इथे फक्त नजर जाते आणि येते.

सूज टिकली की नजर कडेकडेने आत झिजू लागते. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. इथेच फसगत होते. चष्म्याच्या दुकानात तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ तो घडाघडा वाचतो, सहा बाय सहा निघतं, ‘डोळे उत्तम आहेत’ असं ऐकून घरी येतो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. नंबर तपासणं आणि थेंब घालून पडदा तपासणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. दुसरी झाली का, हे आवर्जून विचारा.

डोळ्याचं दुसरं लक्षण म्हणजे एकाचे दोन दिसणं. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी एक नस आहे, सहावी. मेंदूच्या तळापासून डोळ्यापर्यंत तिचा मार्ग लांबचा आणि अडचणीचा, त्यामुळे दाब वाढला की ती ताणली जाते, गाठ कुठेही असली तरी. डोळा थोडा नाकाकडे वळतो. दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसतात, लांबचं पाहताना जास्त, पुस्तक वाचताना कमी. एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा नाहीशी होते. रस्त्यावरची गाडी दोनदा दिसते म्हणून एक डोळा मिटून चालणारा माणूस पाहिलात तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

यानंतरचं लक्षण रुग्ण सांगत नाही, कारण ते त्याला कळतच नाही. तो मंदावतो. प्रश्न विचारला की उत्तर येतं, बरोबरही येतं, पण मधे एक पोकळी जाते. लिहायला घेतलेला निरोप अर्धाच राहतो. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि माणूस पलंगाच्या कडेवर दहा मिनिटं तसाच बसलेला. दुपारी झोपतो, संध्याकाळी पुन्हा झोपतो. तापट होता तो गप्प होतो, किंवा गप्प होता तो चिडचिडा. घरातले याला वय, थकवा, उदासी, ‘हल्ली लक्षच नसतं’ अशी नावं देतात. उदासी खरीही असू शकते. पण मंदावणं, डोकेदुखी आणि उलटी या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात एकाच माणसात आल्या तर त्यांना तीन वेगळी कारणं शोधत बसू नये. तपासणीच्या खोलीत म्हणूनच रुग्णाइतकंच त्याच्याबरोबर राहणाऱ्याचं बोलणं महत्त्वाचं ठरतं. रुग्ण म्हणेल ‘मी ठीक आहे’, आणि पत्नी म्हणेल ‘हे असे नव्हते’.

फिट येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, शब्द न सापडणं ही लक्षणं दाबापेक्षा गाठ ज्या जागी बसली आहे त्या जागेची असतात. ती दाब वाढण्याच्या कितीतरी आधी येऊ शकतात, आणि मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर डोक्याचं स्कॅनिंग करायला एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे.

मुलांकडे येऊ. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, म्हणून त्याचा डबा थोडा ताणला जातो. दाब वाढला की डोकं मोठं होतं, टाळू फुगीर आणि ताठ लागते. बाळ रडताना टाळू वर येणं नेहमीचंच, शांत बसलेल्या बाळाची टाळू पाहायची. डोळ्यांची बुबुळं खाली वळलेली आणि वरचा पांढरा भाग उघडा, मावळत्या सूर्यासारखा, हे आणखी पुढचं चिन्ह. डोक्याचा घेर मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडण्याचा खटाटोप यासाठीच असतो. नुकतंच चालायला-बोलायला लागलेलं मूल ‘डोकं दुखतंय’ असं सहसा सांगत नाही. ते चिडतं, दूध नको म्हणतं, कडेवरून उतरत नाही. चालायला शिकलेलं मूल पुन्हा धडपडू लागतं, मान एका बाजूला कलती धरतं. मुलांमध्ये लहान मेंदूच्या भागात गाठी होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त, आणि ती जागा पाण्याच्या वाटेच्या अगदी शेजारची. म्हणून त्यांच्यात सकाळची उलटी आणि अडखळती चाल ही जोडी फार बोलकी. उलट्यांसाठी पोटाची सोनोग्राफी दोनदा होते, जंताचं औषध होतं, ‘शाळेत जायचं नाही म्हणून नाटक करतोय’ हेही होतं. रविवारीही उलटी होत असेल तर शाळेचा संबंध नाही, एवढा हिशेब तरी घरच्या घरी करता येतो.

काही चिन्हं दिसली की वाट पाहायची नसते, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. हाक मारून, हलवूनही नीट जाग न येणं. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी होणं, विशेषतः गुंगीबरोबर. थांबत-थांबत, अनियमित चालणारा श्वास. आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी भयंकर आणि क्षणात सुरू झालेली डोकेदुखी. कवटीतला दाब फार वाढलेल्या माणसाची नाडी कधी मंद आणि रक्तदाब खूप वाढलेला सापडतो. यामागचा हिशेब सोपा आहे. मेंदूपर्यंत रक्त ढकलणारा जोर म्हणजे सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून उरतं ते. नव्वदमधून दहा गेले तर ऐंशी. कवटीतला दाब चाळीस झाला की उरले पन्नास, आणि मेंदू उपाशी राहू लागतो. मग शरीर रक्तदाबच वाढवतं. अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९०१ च्या सुमारास प्रयोगांतून हे दाखवलं. तो वाढलेला रक्तदाब हा शरीराचा शेवटचा प्रयत्न असतो. अशा वेळी घरातली रक्तदाबाची गोळी ‘एक जास्तीची’ म्हणून देऊ नये. मणक्यातून पाणी काढण्याची तपासणीही गाठीची शंका असताना स्कॅन केल्याशिवाय करत नाहीत. खालून पाणी निघालं की वरचा मेंदू कवटीच्या तळाच्या छिद्राकडे खेचला जाण्याचा धोका असतो.

तातडीच्या वेळी आधी सीटी स्कॅन होतो. तो मिनिटांत संपतो, आणि पाणी तुंबलंय का, मेंदू एका बाजूला सरकलाय का, हे दाखवतो. लहान गाठ किंवा डोक्याच्या मागच्या-खालच्या भागातली गाठ त्यात निसटू शकते, म्हणून शंका उरली तर एमआरआय. स्कॅन स्वच्छ आणि डोळ्याची नस मात्र सुजलेली, असंही घडतं. गाठ नसताना दाब वाढण्याचा एक वेगळा आजार आहे, तो वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. त्यातही नजर जाऊ शकते, तेव्हा ‘ट्यूमर नाही’ हे ऐकून पुढची भेट चुकवू नये.

गाठीभोवतीची सूज उतरवायला १९६१ पासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वापरात आहे. ते सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत माणूस उठून बसतो, जेवायला मागतो, थट्टा करतो. तो फरक इतका ठळक असतो की काहींना शस्त्रक्रिया नकोशी वाटू लागते. गाठ मात्र तिथेच असते, फक्त तिच्याभोवतीची सूज कमी झालेली असते. हे औषध मनाने एकदम बंद करायचं नसतं, सूज परत उसळते आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची सवयही सुटलेली असते. पाण्याची वाट अडलेली असेल तर शस्त्रक्रियेने पाण्याला दुसरी वाट काढून देतात, किंवा शंट बसवतात. शंट म्हणजे कातडीखालून मेंदूपासून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी.

आणि शंट बसवलेल्या माणसाच्या घरात ही सगळी लक्षणं पुन्हा उपयोगी पडतात. नळी तुंबू शकते, बसवल्यानंतर महिन्यांनी आणि वर्षांनीही. तुंबली की तीच सकाळची डोकेदुखी, तीच उलटी, तीच गुंगी परत येते, आणि बहुतेक रुग्णांची पहिल्या वेळची जी लक्षणं होती त्यांच्याशी दुसऱ्या वेळची मिळतीजुळती असतात. म्हणून पहिल्या वेळी काय-काय झालं होतं, कोणत्या क्रमाने आणि किती दिवसांत, हे एका कागदावर लिहून रुग्णाच्या फायलीत सगळ्यात वर लावून ठेवावं. रात्री दोन वाजता तातडीच्या विभागात नव्या डॉक्टरला तो कागद दिला, की ‘मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं’ हे वाक्य पुराव्यासकट सांगता येतं.